दोन सुयांचं विणकाम: पहिल्या टाक्यापासून पहिल्या मफलरपर्यंत

विणकामाच्या हालचाली तासाभरात हाताला येतात. सुई घालायची, धागा फिरवायचा, ओढून घ्यायचा, इतकंच ते असतं. खरी अडचण पुढे येते. मध्येच टाका गळतो, २४ टाक्यांचे २७ होतात आणि सुईवर नेमकं काय बिघडलंय ते दिसत नाही. मग सगळं उसवून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, आणि दोन-तीनदा तसं झालं की सुया कपाटात जातात. म्हणून इथे हालचालींइतकाच भर टाका ओळखण्यावर दिला आहे. सुईवरचा टाका वाचता आला की चूक ज्या ओळीत झाली त्याच ओळीत सापडते आणि बहुतेकदा न उसवता दुरुस्त होते.

सामान

सुया ५ मिमी जाडीच्या घ्या. सरळ, २५ ते ३० सेंमी लांब, आणि शक्यतो बांबूच्या किंवा लाकडाच्या. धातूच्या सुयांवरून टाके भराभर सरकतात. हात बसल्यावर ती सोय असते, पण सुरुवातीला त्यामुळेच टोकाजवळचे चार टाके एकदम निसटतात. लाकडावर लोकर थोडी अडकून राहते आणि नवख्या हाताला तेच हवं असतं.

सुईवरच्या नंबरवर विसंबू नका, मिलिमीटर बघा. ब्रिटिश पद्धतीत नंबर वाढला की सुई बारीक होते, अमेरिकन पद्धतीत जाड होते. ८ नंबरची ब्रिटिश सुई ४ मिमीची असते आणि ८ नंबरची अमेरिकन ५ मिमीची. नमुना, म्हणजे विणीच्या लेखी सूचना, एका पद्धतीतला आणि सुया दुसऱ्या पद्धतीतल्या झाल्या, तर स्वेटरचं माप हमखास चुकतं.

लोकर मध्यम जाडीची हवी. १०० ग्रॅमच्या गुंड्यात साधारण १६० ते २०० मीटर धागा असेल आणि लेबलवर ४.५ ते ५.५ मिमीची सुई सुचवलेली असेल, तर ती योग्य जाडी. रंग फिकट आणि एकसारखा घ्या. काळ्या किंवा गडद निळ्या लोकरीत टाका दिसतच नाही. केसाळ, गाठीगाठींची किंवा सैल पिळाची लोकर आत्ता टाळा. केसाळ लोकर उसवताना स्वतःतच अडकते आणि सैल पिळाच्या धाग्यात सुई शिरून तो फाटतो. शुद्ध लोकर सगळ्यात उत्तम, कारण ती ताणली जाऊन परत मूळ जागी येते आणि थोडाफार कमीजास्त ताण झाकून घेते. अ‍ॅक्रिलिक चालेल. सुती धागा मात्र ताणत नाही, बोटं दुखवतो आणि प्रत्येक वाकडा टाका उघड दाखवतो, तो नंतर.

शिवाय लागेल कात्री, मोजपट्टी, मोठ्या नेढ्याची बोथट सुई आणि ४ ते ५ मिमीची क्रोशाची सुई. ही शेवटची वस्तू आधीच आणून ठेवा. टाका गळाल्यावर ती शोधायला उठलात तर टाका अजून चार ओळी खाली गेलेला असतो.

लोकर लडीच्या रूपात मिळाली असेल तर आधी तिचा गुंडा करून घ्या. लडीतून थेट विणायला गेलात तर तिचा हमखास गुंता होतो. गुंडा करताना धागा ताणून गुंडाळू नका.

सुईवर टाके घालणं

टाके घालण्याच्या बऱ्याच पद्धती आहेत. पहिल्या दिवशी विणून टाके घालण्याची पद्धत घ्यावी, कारण तिच्यात सुलट या विणकामातल्या मूळ टाक्याचीच हालचाल आहे. एक गोष्ट शिकलात की दोन कामं होतात.

धाग्याचं १५ सेंमी टोक सोडून एक वेढा करा, गुंड्याकडचा धागा त्या वेढ्यातून थोडा वर ओढा आणि खालून गाठ आवळा. गुंड्याकडचा धागा ओढल्यावर फास लहान झाला पाहिजे. हा फास डाव्या सुईवर चढवा. हा पहिला टाका.

आता उजव्या सुईचं टोक या फासात समोरून मागे घाला. दोन्ही सुयांची फुली होईल आणि उजवी सुई मागे असेल. गुंड्याकडचा धागा उजव्या सुईच्या टोकामागून, तिच्या डाव्या बाजूने पुढे आणा आणि दोन्ही सुयांच्या मधून उजवीकडे खाली उतरवा. धाग्यावर हलका ताण ठेवून उजव्या सुईचं टोक खाली आणि पुढे सरकवा, म्हणजे ते नवा फास घेऊन जुन्यातून बाहेर येईल. जुना फास डाव्या सुईवरच राहू द्या. नवा फास थोडा मोठा ओढा आणि तोही डाव्या सुईवर चढवा. झाले दोन टाके. पुढचा टाका या नव्या फासातून काढायचा. असे २४ टाके घाला, पहिली गाठ धरून.

इथे होणारी मोठी चूक म्हणजे टाके आवळणं. सुईचं टोक निमुळतं असतं. फास टोकावर असतानाच धागा ओढला तर तो टोकाच्या मापाचा होतो आणि पुढे सुईच्या जाड भागावर सरकत नाही. फास आधी जाड भागावर घ्या आणि मगच धागा हलकेच ओढा. सगळे टाके घालून झाल्यावर बोटाने ढकलून पाहा. सहज सरकत नसतील तर काढा आणि पुन्हा घाला. घट्ट टाक्यांवर पहिली ओळ विणणं ही शिक्षा आहे, ती सोसण्यात काही अर्थ नाही.

सुलट टाका

टाके असलेली सुई डाव्या हातात, रिकामी उजव्या हातात, धागा सुयांच्या मागे.

१. उजव्या सुईचं टोक पहिल्या टाक्यात डावीकडून उजवीकडे, समोरून मागे घाला.
२. धागा उजव्या सुईच्या टोकाभोवती मागून पुढे फिरवून दोन्ही सुयांच्या मधून उतरवा.
३. उजवी सुई खाली सरकवत, नवा फास घेऊन जुन्या टाक्यातून पुढे काढा.
४. जुना टाका डाव्या सुईवरून सोडून द्या.

टाके घालताना केलं तेच हे. फरक इतकाच की आता नवा टाका उजव्या सुईवर राहतो आणि जुना खाली उतरतो. ओळ संपली की सुयांची अदलाबदल करा आणि पुन्हा डाव्या सुईवरचे टाके विणायला घ्या.

धागा उजव्या हातात धरून फिरवता येतो किंवा डाव्या तर्जनीवर धरून सुईच्या टोकाने उचलता येतो. दोन्हींतून तेच कापड तयार होतं. क्रोशाची सवय असेल तर डाव्या हाताची पद्धत लवकर जमते. डावखुऱ्यांनीही आधी याच दिशेने विणून पाहावं. या कामात दोन्ही हात जवळपास सारखेच राबतात आणि बहुतेक सगळे नमुने याच दिशेने लिहिलेले असतात. ताणासाठी धागा करंगळीभोवती एक वेढा घेऊन, मधल्या दोन बोटांखालून तर्जनीवर आणा. सुया मात्र करकचून धरू नका. मनगट किंवा अंगठ्याचं मूळ दुखायला लागलं तर पकड घट्ट आहे असं समजा आणि सुया थोडा वेळ खाली ठेवा.

टाका वाचायला शिका

पाच-सहा ओळी झाल्या की थांबा आणि सुई उजेडात धरून बघा. प्रत्येक टाका सुईवर घोड्यावर बसलेल्या स्वारासारखा असतो, एक पाय सुईच्या पुढे आणि एक मागे. नीट बसलेल्या टाक्याचा उजवा पाय पुढे असतो. सुलट विणताना सुई याच पुढच्या पायातून जायला हवी. मागच्या पायातून घातली, किंवा धागा उलट्या दिशेने फिरवला, तर टाक्याला पीळ बसतो आणि त्याच्या तळाशी दोन्ही धागे एकमेकांवर चढलेले दिसतात. अशा टाक्यांचं कापड घट्ट होतं आणि तिरकं जातं.

आता सुईच्या लगेच खाली बघा. टाक्याच्या गळ्याशी आडवा उंचवटा असेल तर त्या बाजूने तो उलट टाका आहे. उंचवटा नसून खाली निमुळत्या होणाऱ्या दोन तिरक्या रेघा असतील तर तो सुलट आहे. सुलट आणि उलट हा एकाच टाक्याचा पुढचा आणि मागचा चेहरा. ही एक गोष्ट डोळ्यांत बसली की ओळीत कुठे आहोत ते मोजावं लागत नाही, दिसतं.

पहिला चौकोन

सगळ्या ओळी सुलट विणल्या की कापडावर आडव्या वळ्या उठतात. दोन ओळींची एक वळी होते, त्यामुळे ओळी मोजायच्या असतील तर वळ्या मोजा आणि दुप्पट करा. या विणीत जितके टाके तितक्या वळ्या झाल्या की तुकडा साधारण चौकोनी होतो. २४ टाक्यांवर २४ वळ्या, म्हणजे ४८ ओळी. तुमचा तुकडा चौदा-पंधरा सेंमीचा होईल, थोडा इकडे तिकडे. त्याच्या पहिल्या इंचात आणि शेवटच्या इंचात जो फरक दिसेल, तो मुद्दाम बघा.

प्रत्येक ओळीनंतर टाके मोजा. कंटाळवाणं आहे, पण चूक एका ओळीच्या आत सापडते.

टाके वाढत असतील तर बहुतेक वेळा कारण कडेला असतं. ओळ सुरू करताना धागा सुईवरून मागे टाकला गेला तर कडेचा टाका वर ओढला जातो, त्याचे दोन्ही पाय वेगवेगळे टाके असल्यासारखे दिसतात आणि दोघांत एकेक टाका विणला जातो. ओळ सुरू करण्याआधी धागा सुईच्या खालून मागे घ्या, ही चूक होणार नाही. दुसरं कारण म्हणजे धागा चुकून पुढे राहणं. मग सुईवर एक जास्तीचा वेढा पडतो आणि पुढच्या ओळीत तिथे भोक दिसतं. असा वेढा पुढच्या ओळीत सुईवर आला की न विणता खाली सोडून द्या, शेजारचे टाके ती जागा भरून काढतात. तिसरं, सुई धाग्याच्या पदरांमधून गेली आणि एका टाक्याचे दोन झाले. हे टाळायचं तर सुई घालताना टोकाकडे बघा.

टाके कमी होत असतील तर एकतर दोन टाके एकत्र विणले गेलेत, किंवा टाका गळलाय.

कड सैल आणि लोंबती दिसते ही जवळजवळ प्रत्येकाची तक्रार. पहिला टाका कितीही आवळला तरी दुसरा विणताना तो पुन्हा ढिला होतो, म्हणून ओढायचं ते दुसरा टाका विणून झाल्यावर.

उलट टाका

धागा पुढे आणा, सुईवरून न घेता दोन्ही सुयांच्या मधून. उजवी सुई टाक्याच्या पुढच्या पायात उजवीकडून डावीकडे घाला. टोक या वेळी डाव्या सुईच्या पुढे राहील. धागा टोकावरून मागे नेऊन, सुयांच्या मधून खाली घेऊन, परत पुढे आणा. टोक मागच्या बाजूला ढकलत नवा फास बाहेर काढा आणि जुना टाका सोडा.

एक ओळ सुलट आणि एक ओळ उलट विणली की समोरून गुळगुळीत कापड तयार होतं. पुढची ओळ कोणती हा प्रश्न पडला तर गुळगुळीत बाजू तुमच्याकडे असताना सुलट, खडबडीत बाजू तुमच्याकडे असताना उलट. उलटच्या ओळी बहुतेकांच्या थोड्या सैल पडतात आणि कापडावर आडव्या पट्ट्या दिसतात. सरावाने हा फरक कमी होतो.

या कापडाच्या कडा गुंडाळतात आणि त्यात तुमची काही चूक नसते. टाक्याच्या दोन बाजूंचा ताण सारखा नसतो, त्यामुळे बाजूच्या कडा मागे वळतात आणि वरची-खालची कड पुढे. इस्त्रीने हे कायमचं जात नाही. उपाय विणीतच करावा लागतो, चारी बाजूंना चार-पाच टाक्यांची, वळ्यांची किनार ठेवून. म्हणूनच पहिला मफलर साध्या गुळगुळीत विणीत घालू नये; तो गुंडाळून नळीसारखा होतो.

दोन सुलट, दोन उलट

मफलरसाठी ही वीण उत्तम. दोन्ही बाजूंनी सारखी दिसते, ताणते आणि गुंडाळत नाही. चारने भाग जाणारे टाके घ्या, मग प्रत्येक ओळ सारखीच: २ सुलट, २ उलट, शेवटपर्यंत. सुलटसाठी धागा मागे, उलटसाठी पुढे, आणि प्रत्येक वेळी दोन्ही सुयांच्या मधूनच. तो सुईवरून गेला की जास्तीचा टाका झालाच.

खाली उंचवटा असलेल्या टाक्यावर उलट आणि रेघांवर सुलट विणायचं. दोन टाक्यांच्या उभ्या पट्ट्या तुटल्यासारख्या दिसल्या तर मोजणी एखाद्या टाक्याने सरकली आहे. लगेच थांबा.

गळलेला टाका आणि उसवणं

टाका गळला की आधी हात स्थिर ठेवा. कापड ताणू नका. ताणलं की टाका आणखी खाली उतरतो. सेफ्टी पिन असेल तर फासात अडकवा. टाका जिथून उतरला तिथे आडव्या धाग्यांची शिडी दिसेल, एका ओळीला एक पायरी. गुळगुळीत बाजू समोर घ्या, क्रोशाची सुई फासात समोरून घाला, सगळ्यात खालची पायरी पकडा आणि फासातून पुढे ओढा. मग त्याच्या वरची पायरी. एकही पायरी न गाळता वर या आणि टाका उजवा पाय पुढे ठेवून डाव्या सुईवर चढवा. वळ्यांच्या विणीत पायरीगणिक बाजू बदलावी लागते, एक पायरी समोरून आणि पुढची कापड उलटं करून मागून.

चूक याच ओळीत असेल तर टाका-टाका मागे जा. उजव्या सुईवरच्या टाक्याच्या खालच्या फासात डाव्या सुईचं टोक समोरून घाला, उजव्या सुईवरून टाका सोडा आणि धागा ओढा. चूक बऱ्याच ओळी खाली असेल तर सुई काढून चुकीच्या एक ओळ वरपर्यंत उसवा आणि उरलेली ओळ एकेक टाका सुईवर घेत उसवा. टाके परत घेण्यासाठी एक नंबर बारीक सुई वापरली तर काम सोपं होतं. मोठ्या कामात दर वीसेक ओळींनी सुईवरच्या सगळ्या टाक्यांतून बोथट सुईने वेगळ्या रंगाचा बारीक दोरा ओवून ठेवा. पुढे काहीही बिघडलं तरी उसवण त्या दोऱ्यापाशी थांबते.

पहिला मफलर

५ मिमीच्या सुयांवर ४० टाके घाला आणि दोन सुलट, दोन उलट विणत जा. रुंदी साधारण १५ ते १८ सेंमी पडेल; लांबी १५० सेंमी ठेवा. लोकर २०० ते २५० ग्रॅम लागेल. सगळे गुंडे एकदम आणि एकाच लॉटचे, म्हणजे एकाच वेळी रंगवलेले, घ्या. लेबलवर रंगाच्या क्रमांकाशिवाय लॉटचा क्रमांकही असतो. तो वेगळा असला तर दुकानात न दिसणारा फरक मफलरवर मधोमध पट्टा होऊन दिसतो.

गुंडा संपत आला की नवा धागा ओळीच्या सुरुवातीलाच जोडा. एक ओळ विणायला कापडाच्या रुंदीच्या साधारण चौपट धागा लागतो, तेवढा उरला नसेल तर ओळ सुरू करू नका. जुनं आणि नवं टोक १५-१५ सेंमी सोडा आणि नव्या धाग्याने विणायला लागा.

टाके बंद करताना आधी दोन टाके विणा, डाव्या सुईच्या टोकाने उजव्या सुईवरचा पहिला टाका उचलून दुसऱ्यावरून पलीकडे टाका. सुईवर एक उरेल. आणखी एक विणा, पुन्हा तेच. मफलरवर सुलटच्या जागी सुलट आणि उलटच्या जागी उलट विणतच बंद करा, म्हणजे कड ताणती राहते. शेवटचा एक टाका उरला की १५ सेंमी धागा ठेवून कापा आणि टोक त्या टाक्यातून ओढून घ्या. कड आवळली जाऊन मफलरचं टोक अरुंद होत असेल तर या ओळीपुरती उजव्या हातात ५.५ किंवा ६ मिमीची सुई घ्या.

टोकं बोथट सुईत ओवून टाक्यांच्या वाटेने ५-६ सेंमी आत न्या आणि दिशा बदलून थोडं परत आणा. नुसती गाठ मारून कापू नका, गाठ पुढे येते आणि सुटतेही.

स्वेटरकडे जाण्याआधी

मफलरला माप थोडं चुकलेलं चालतं, अंगावरच्या कपड्याला नाही. नमुन्यात १० सेंमीत २० टाके सांगितले असतील आणि तुमच्या हाताने २२ बसत असतील, तर २०० टाक्यांचा १०० सेंमी घेराचा स्वेटर ९१ सेंमीचा होईल. म्हणून त्याच लोकरीचा, त्याच सुयांवर १५ सेंमीचा चौकोन विणा, धुवा, वाळवा आणि मधल्या १० सेंमीतले टाके मोजा. टाके जास्त भरले तर जाड सुई घ्या, कमी भरले तर बारीक. ताण बदलून माप जुळवायला जाऊ नका, तासाभरात हात मूळ सवयीवर येतो.

धुणं

लोकरीचा मफलर कोमट पाण्यात सौम्य साबण घालून २० मिनिटं भिजू द्या. चोळू नका; गरम पाणी आणि चोळणं एकत्र आलं की लोकर आटून जाड होते आणि ते परत फिरवता येत नाही. पिळायचंही नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, मग सपाट पसरून हाताने आकार द्या आणि तसंच वाळू द्या. दोरीवर टाकला तर पाण्याच्या वजनाने तो लांबतो. अ‍ॅक्रिलिकवर गरम इस्त्री ठेवू नका, तिच्या उष्णतेने टाके कायमचे चपटे होतात.